खांबामागची चंपा

शिमग्यात नमनाचे खेळ करणाऱ्या आमच्या मंडळाची जाहिरात छापतात तेव्हा तिच्यात हरिश्चंद्रचं नाव मोठ्या अक्षरात असतं. आप्पांचं त्याहून मोठ्या, कारण आप्पा अध्यक्ष, आणि छापखान्यात तेच जातात. माझं नाव तळाला, ‘पेटी : मास्तर’ एवढंच. चंपाचं नाव कधीच नसतं. एका परीने ते बरोबरच म्हणा. जिचं सगळं कामच न दिसण्याचं, तिचं नाव छापून करायचं काय? तरी मला राग येतो तो येतोच. माझी बसायची जागा रंगमंचाच्या डाव्या कडेला, खांबाला लागून. त्यामुळे लोकांना जे दिसतं ते मला अर्धवट दिसतं, आणि त्यांना जे दिसत नाही ते पुरतं दिसतं.

खांब प्लायवूडचा, देवळाच्या खांबासारखा रंगवलेला, मागे दोन माणसं मावतील एवढा रुंद. आमच्या वगात हरिश्चंद्र एकटा चार सोंगं करतो. राजा खांबाच्या एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने म्हातारी बाहेर येते. म्हातारी जाते, जोगी येतो. शेवटी देवी. चाल कुठे अडत नाही, पाऊल रेंगाळत नाही. मालगुंडच्या एका शहाण्याने एकदा पैज मारली होती की हे जुळे भाऊ आहेत म्हणून. खात्री करायला तो थेट खांबामागे घुसला. तिथे काळा बुरखा घातलेली, तोंडात पिना धरलेली एक बाई गुडघ्यांवर बसली होती. तिने त्याला असा काही ढकलला की बिचारा माझ्या पेटीवर येऊन आदळला. ती बाई म्हणजे चंपा, हरिश्चंद्रची बायको.

पूर्वी हे सगळं इतकं झटपट नव्हतं. आमच्या लहानपणी गॅसबत्तीच्या उजेडात दोघं जण घोंगडी आडवी धरायचे आणि तिच्याआड सोंग बदलायचं. नाड्यांच्या गाठी सुटेपर्यंत मृदंगवाला वाजवत राहायचा आणि लोक विडी ओढून परत यायचे. पुढे कपडे एकावर एक चढवून वरचा ओढून काढायची पद्धत आली. ओढायला सोपं, पण कोकणातल्या उकाड्यात चार थर अंगावर! एका शिमग्यात हरिश्चंद्र भोवळ येऊन पडला. तेव्हा चंपाने डोकं चालवलं आणि आमच्या नाक्यावरच्या अस्लमभाई टेलरकडून सगळे कपडे पाठीकडून उघडे शिवून घेतले. साडी निऱ्यांसकट शिवलेली, जोग्याच्या कफनीला दाढी टाचलेली. हरिश्चंद्रने आत यायचं आणि हात पुढे करून उभं राहायचं. ती अंगातलं काढणार, पुढून दुसरं चढवणार, पाठीला शिवलेली वेल्क्रोची चिकटपट्टी दाबणार आणि एक थाप मारणार. थाप बसली की निघायचं. पट्टी उचकटताना चर्र असा आवाज होतो, तो झाकायला मी पेटीचे सूर मोकळे सोडायचे, असं ठरलेलं. अंधारात दिसू नये म्हणून काळा बुरखा अस्लमभाईंच्या बायकोने, सईदाने, स्वतःहून दिला. “माझा जुना हाय, ने,” म्हणाली.

हे सांगताना सोपं वाटतं. ती बाई दिवसभर मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात उभी असायची आणि तिथून आली की खांबामागे गुडघ्यांवर. तो आला की उठायचं, तो गेला की परत खाली. वग संपला की तिला उठवायला दोन बायका लागायच्या. सलग तीन-चार वर्षं दर शिमग्याला ती आप्पांना म्हणायची, “आप्पा, मना आता उठवा हो खांबामागनं. गुडघे गेले माझे.” आणि आप्पा म्हणायचे, “वैनी, तुमच्यासारखा हात कुनाचा हाय?” गोड बोलून काम काढून घ्यावं तर ते आप्पांनीच.

मग दोन वर्षांपूर्वी तिचं ते म्हणणं अचानक थांबलं. का थांबलं ते मला कळलं, कारण माझी जागा तिथे.

खांबामागे बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. सोंग बदलताना नटाने तोंड उघडलं तर नवं सोंग अंगात उतरत नाही, असं मानतात. हरिश्चंद्रने तो नेम कधी मोडला नव्हता. त्या वर्षी तो आत आला, हात पुढे केले आणि हळूच म्हणाला, “आता कोण?”

मला वाटलं, थट्टा करतोय. चंपा म्हणाली, “म्हातारी.” साडी चढली, थाप बसली, आणि म्हातारी अशी निघाली की लोक हसून लोळले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पुढच्या फेरीला परत तेच. “आता कोण?” “जोगी.” कफनी अंगावर आली की जोग्याची बोली तोंडात आपोआप यायची. कफनी नसेल तर काहीच नाही, नुसता हात पुढे करून उभा राहिलेला माणूस.

एका सकाळी मी चंपाला विहिरीवर गाठलं आणि सरळ विचारलं. तिने कळशी खाली ठेवली.

“घरात पन तसंच हाय, मास्तर. दुपारी जेवले की विचारतात, आज जेवन नाय काय. डाक्टर म्हनतात, हे वाढतच जानार. औषध देतात, पन उतार नाय.”

“मग थांबव ना त्याला आता. आप्पांना सांगू.”

“आप्पांना सांगितलं म्हंजे वाडीला सांगितलं. ज्या मानसाला बगायला लोक टेंपो भरून आले, त्याच्याकडं उद्या येडा म्हनून बगतील. मानूस जाईल तेवा जाईल, पन नाव जायला नको. कुनाच्या ध्यानात यायच्या आदी त्यांना मानानं खाली उतरवायचं हाय मना. कसं, ते मना पन ठाव नाय.”

“आणि तुझे गुडघे?”

“ऱ्हवतील कसेतरी,” ती म्हणाली आणि कळशी उचलून चालू लागली.

मी कोणाला बोललो नाही. दोन शिमगे तिने असे काढले. हरिश्चंद्रचं सगळं डोकं तिने खांबाच्या आतल्या बाजूच्या चार हुकांवर टांगून ठेवलं होतं. राजा, म्हातारी, जोगी, देवी. गावात त्याची वाहवा व्हायची आणि मला पेटी वाजवताना दमल्यासारखं व्हायचं. मला जर दम लागत होता, तर तिचं काय होत असेल?

यंदा रत्नागिरीच्या नाट्यगृहात नमनांची स्पर्धा झाली. आमचा खेळ भर दुपारचा. हरिश्चंद्र त्या आठवड्यात दाराची कडी काढून बाहेर जायला लागला होता, म्हणून चंपा कित्येक रात्री उंबऱ्याला पाठ लावून बसली होती. तिचे डोळे पाहूनच मला भीती वाटली. वर ते मोठमोठे दिवे आणि अंगात तो बुरखा.

गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला. राजा आत गेला, म्हातारी झाली. म्हातारी आपलं काम करून परत आली. चंपाने साडी उतरवून हुकाला लावली. आता जोगी निघायचा. सेनापती झालेला प्रथमेश समोर हात जोडून जोग्याची वाट बघत होता. हरिश्चंद्रने हात पुढे केले.

“आता कोण?”

मी मान वळवून पाहिलं. चंपा हुकांकडे बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे मी दोन वर्षं हरिश्चंद्रच्या चेहऱ्यावर बघत आलो होतो. तिलाही आठवत नव्हतं. मी “जोगी, जोगी” म्हणालो, पण माझ्याच पेटीच्या सुरांत ते बुडालं. तिच्या हाताला जे लागलं ते तिने चढवलं. थाप बसली. खांबाच्या दुसऱ्या बाजूने म्हातारीच परत बाहेर आली आणि मघाचीच वाक्यं पहिल्यापासून बोलू लागली.

प्रथमेश क्षणभर गडबडला. पण पोरगा हुशार. “म्हातारे, परत कशाला तडफडलीस? जोगीबुवांना धाड!” म्हणत त्याने तिला खांबामागे लोटलं. लोक हसले. तोवर चंपा सावध झाली होती. जोगी आला, देवी आली, खेळ पार पडला. पण परीक्षकांनी माना हलवून काहीतरी टिपलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

पडद्यामागे आप्पा तणतणत आले. “वाट लावलीत सगळ्याची! आणि काय रे हरिश्चंद्र, अंगावर साडी चढली तरी तुला कळलं नाय काय? तुज्या तोंडात जीभ नव्हती?”

सगळे हरिश्चंद्रकडे बघायला लागले. तो देवीच्या साडीत, मुकुट घालून पेटाऱ्यावर बसला होता. प्रश्न आपल्याला आहे, हे त्याला कळलं असं वाटलं नाही. चंपा चटकन मध्ये आली.

“चूक माजी, आप्पा. ते नको नको म्हनत व्हते, मीच ढकललंय त्यांना. मना दिसंना झालंय हल्ली. डोळे गेले माझे.”

चंपाचे डोळे घारीसारखे आहेत. अंधारात सुईत दोरा ओवते ती. पण आप्पांना ते पटलं, कारण ते पटवून घ्यायला सोपं होतं.

“तरी मी म्हनतच व्हतो,” आप्पा म्हणाले, आणि हे ते कधीच म्हणाले नव्हते. “वैनी, झालं तुमचं आता. पुढल्या शिमग्याला प्रथमेशची बायको मनाली बसंल खांबामागं. पार्लरवाली हाय, तिचा हात चालतो. तुमी आपलं पुढं खुर्चीत बसून बगायचं.”

इतकी वर्षं मागून जे मिळालं नव्हतं, ते असं पदरात पडलं. चंपाचा चेहरा पांढरा पडला. मनाली खांबामागे बसली की पहिल्याच खेळाला सगळ्या गावाला कळणार होतं. ती “आप्पा, एक वर्ष…” असं काहीतरी म्हणायला गेली, पण आप्पांनी हातानेच तिला थांबवलं.

तेव्हा हरिश्चंद्र उठला. त्याने डोक्यावरचा मुकुट काढला आणि आप्पांच्या हातात दिला.

“ही नसंल तं मी पन नाय,” तो म्हणाला.

राजाचा आवाज मला पाठ आहे, म्हातारीचाही. हा त्यांतला कोणाचाच नव्हता. त्याला किती समजलं होतं, मला सांगता येणार नाही. आप्पांनी समजूत घातली, प्रथमेशने पाय धरले, पण तो नुसता चंपाच्या बुरख्याचं टोक धरून उभा राहिला. परत येताना टेंपोत तो झोपला आणि चंपा सबंध रस्ताभर आवाज न करता रडली. मीही रडलो. त्यात लाज कसली?

वाडीत आता सांगतात, बायकोच्या मानासाठी हरिश्चंद्रने मुकुट उतरवून दिला. पोरीबाळी आपल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देतात. चंपा मात्र आंधळी झाली म्हणून तिची कीव करतात. परवा एकीने तिला हाताला धरून रस्ता पार करवला. चंपा मुकाट्याने गेली.

काल सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. हरिश्चंद्र पडवीत उघडाच उभा होता. चंपा धुतलेला शर्ट घेऊन आली, आणि त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले.

“आता कोण?”

“आता कोन नाय. आता तुमीच,” चंपा म्हणाली. “हात मागं करा, हा शर्ट पुढनं उघडा हाय.”

त्याने हात मागे केले. तिने बाह्या चढवल्या, वळसा घालून समोर आली आणि बटणं लावायला लागली. चिकटपट्टीची सवय झालेली बोटं, एकेका बटणाला वेळ लागत होता.

“मीच म्हंजे कोण?”

“हरिश्चंद्र. चंपाचा घोव.”

शेवटचं बटण लागेपर्यंत तो थांबला. मग कपडा अंगावर चढला की पूर्वी जसं व्हायचं, तसं त्याचं तोंड उजळलं. “मंग तू खांबामागची चंपा,” तो म्हणाला.

चंपाने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. “व्हय,” ती म्हणाली, “पन आता खांब नाय.” तो तिच्याकडे बघत राहिला, आणि पाठीवर तिची थाप बसायची वाट बघत तिथेच उभा राहिला.