मास्तरांच्या हातचा चहा

टेलर मास्तरांचं दुकान माझ्या बटणांच्या दुकानासमोर. दुकान म्हणजे पुढे शिलाई मशीन, मागे एक खोली, आणि त्या खोलीत एकटे मास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस हट्टी, बोलणं तिरकस. पण कोटाची बाही अशी बसवत की तिला नाव ठेवायला जागा नसे. मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, नजरेतलं मधलं सगळं गेलंय, कडेचं थोडं उरलंय, तेही जाईल. मास्तर मला म्हणाले, शिंप्याला कडा पुरतात. मी हसले, दुसरं काय करणार?

एकदा गॅसवर चहा करताना त्यांच्या शर्टाची बाही पेटली. नशिबाने तेवढ्यावर निभावलं. लेक दुसऱ्या शहरातून धावत आली, तिने शेगडी देऊन टाकली आणि मायक्रोवेव्ह आणून ठेवला. स्वच्छ सांगितलं, की यावर स्वतःचं गरम करून खाता आलं तर राहा इथे, नाहीतर बॅग भरा आणि माझ्याकडे चला. लेक वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते. बापाच्या काळजीने तिची झोप उडाली होती. पण मास्तरांना घाम फुटला. या गल्लीतला प्रत्येक खड्डा त्यांच्या पायांना पाठ होता. लेकीच्या आठव्या मजल्यावर त्यांना दारापर्यंतही कुणाच्या हाताशिवाय जाता आलं नसतं.

शिकवण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. ओव्हनची बटणं काचेसारखी सपाट, बोटाला काही लागेचना. मी दुकानातली दोन कोटाची बटणं आणून त्यांवर चिकटवली, मोठं म्हणजे सुरू, लहान म्हणजे बंद. मग तोंडाचा पट्टा सोडला. स्टीलचा पेला आत जाणार नाही, धातूने ठिणग्या उडतात. झाकण घट्ट लावायचं नाही, वाफेला वाट हवी. सूप अर्ध्यात काढून ढवळायचं, कारण एकीकडे चटका बसतो आणि दुसरीकडे गारच राहतं. पाण्यात लाकडी चमचा ठेवायचा, नाहीतर ते गप्प बसलेलं असतं आणि हात लावला की एकदम उसळून अंगावर येतं. "अगदी तुमच्यासारखं," मी म्हटलं. मास्तर म्हणाले, लग्न ठरवतानासुद्धा एवढ्या अटी नव्हत्या.

पण शिकले. एका सकाळी रस्ता ओलांडून मला हाक मारायला आले. खोलीत चहा तयार होता, त्यांनी एकट्याने केलेला. पाणचट, साखर दुप्पट. मी दोन कप प्यायले आणि लगेच लेकीला फोन लावला. ती रडायलाच लागली. माझाही जीव भांड्यात पडला. आता मास्तर इथेच राहणार, असं आम्ही तिघांनी धरून चालायला सुरुवात केली.

वेळ जावा म्हणून मी त्यांना रुमालांच्या कडा दुमडायला देत असे. सुई ओवून देणं माझं काम, बाकी सगळं त्यांची बोटं बघायची. आणि शिंपी हातातली सुई कधी टेबलावर ठेवत नाही. जे कापड हाताशी असेल त्यात टोचतो आणि उठतो.

सूप आत उडतं म्हणून वर ओलं फडकं टाका, हेही मीच सांगितलं होतं. त्या दुपारी मास्तरांनी मशीनवरचा एक रुमाल उचलून वाडग्यावर टाकला. ओला करायचा राहिला, आणि सुई त्यातच होती. आत तडतड झाली, ती त्यांना सुपाचीच वाटली. जळका वास आला तेव्हा त्यांनी दार उघडून आत हात घातला. वास माझ्या दुकानापर्यंत पोचला होता. मी धावत गेले, प्लग ओढला, पेटत्या रुमालावर पाणी ओतलं. मास्तर हात धरून उभे होते. मला भीतीपोटी संताप आला.

"आग दिसली तर दार उघडायचं नाही, आधी प्लग काढायचा. किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?"

"दिसली तर ना," मास्तर म्हणाले.

मी एवढं सगळं शिकवलं आणि कुणाला शिकवतेय तेच विसरले होते. उजव्या हाताची बोटं टोकांशी भाजली होती, ज्यांच्यावर त्यांचं सगळं चाललं होतं तीच. मलम लावताना मी म्हटलं, लेकीला नाही सांगत. मास्तरांनी मान हलवली.

"सांग. आज रुमाल होता. उद्या तुझं दुकान असेल."

लेक दुसऱ्याच दिवशी आली. रागावली नाही, सरळ बॅग भरू लागली. जखमा भरल्या, पण त्या बोटांना आता कापड आणि कागद सारखेच लागतात.

काल दुपारी मी मास्तरांना लेकीच्या घरी फोन केला. काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, चहाची वाट बघतोय. लेक कामावर जाताना ओव्हनचा प्लग काढून स्वयंपाकघराचं दार लावून जाते. तिचं चुकतंय असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही तोंडातून निघेना. ती कधी येणार, मी विचारलं.

"संध्याकाळी."

"मग तोवर थोडं पाणी तरी प्या."

"तेच पितोय," मास्तर म्हणाले.