काचेमागची बगळी

मान लांब आणि तासन्‌तास एका जागी उभी राहायची सवय, म्हणून गल्लीत तिला सगळे बगळी म्हणत. पुढे त्याच गुणावर तिला कपड्यांच्या जाहिरातींत काम मिळालं. आईला ते अजिबात रुचलं नाही. "अंगावर कापडं टांगून घ्यायला तू काय खुंटी आहेस?" असं आई बोलली आणि बगळी घर सोडून गेली. नंतर दोघींनीही हट्ट धरला. फोन नाही, निरोप नाही.

एका मोठ्या दुकानाने बगळीच्या चेहऱ्याचा आणि अंगाचा साचा घेऊन पुतळा केला व दर्शनी काचेत उभा केला. लोक थबकून बघायचे. बगळीला मात्र त्याच्यासमोर उभं राहवत नसे. पापण्यांचे केसदेखील हुबेहूब तिचे होते.

तिला सिनेमात जायचं होतं. पहिल्याच चाचणीत दिग्दर्शिकेने कॅमेरा थांबवला. "चेहरा छान आहे गं, पण आत कुणी राहतंय असं वाटत नाही."

ती तोंड पाडून परतली. त्याच आठवड्यात दुकानाच्या सजावटवाल्याने तिला गाठलं. "ताई, रागावू नका. रोज दुपारी एक बाई येतात आणि तुमच्या पुतळ्याशी बोलतात."

त्याने केलेलं वर्णन ऐकून बगळीने ओळखलं, ती आईच होती.

दुसऱ्या दिवशी तिने सजावटवाल्याला गळ घातली, पुतळा आत हलवला, पुतळ्याचाच कोट अंगावर चढवला आणि काचेमागे उभी राहिली. हात तसाच, मान तशीच, नजर समोरच्या खांबावर.

आई आली. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. काचेला नाक लागेल इतकी जवळ आली.

"जेवलीस का?" आई म्हणाली. "काल इथे येऊन रागावले, ते मनावर घेऊ नकोस. तू गेलीस तेव्हा मी दाराआड उभी होते. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही बघ."

बगळीने श्वास रोखून धरला. पापणी लवू दिली नाही. पण डोळे भरून आले आणि पाणी गालावरून ओघळलं.

आई दचकली नाही, किंचाळली नाही. रुमाल काढून बाहेरून काच पुसत राहिली, नेमकी त्या गालासमोरची. मग पिशवी उचलून निघून गेली.

बगळी तशीच दिग्दर्शिकेकडे गेली. पुन्हा कॅमेरा लागला. या वेळी ती बोलू लागली तेव्हा लाइटवालासुद्धा काम विसरून बघत राहिला. भूमिका मिळाली. मग दुसरी, तिसरी. जाहिराती सुटल्या. लोक तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखू लागले.

पहिल्या सिनेमानंतर ती घरी गेली. आईने दार उघडलं, ताट वाढलं. दोघी पोटभर रडल्या. तेव्हापासून आई तिच्याजवळच राहते.

पण एका संध्याकाळी भाजी निवडताना बगळीने हळूच विचारलंच, "आई, त्या दिवशी काचेमागे मी आहे हे तू ओळखलं होतंस ना?"

आईचा हात थांबला. "कुठली काच?"

"दुकानाची. तू रोज दुपारी यायचीस."

"वेडी का काय तू! तू गेल्यापासून परत येईपर्यंत मी आजारी, घरातच होते. उंबरठा ओलांडला नाही. शेजारणीला विचार हवं तर."

बगळीने शेजारणीला कधीच विचारलं नाही.