०९०० वाजता सोडलेला डाव

तेरा वर्षांपूर्वी आमची बटालियन उत्तर सीमेवर होती आणि माझी नेमणूक खालच्या पोस्टवर होती. उंची पंधरा हजार फूट. तिथून चार तासांच्या चढणीवर आमचीच वरची पोस्ट होती. तिथे सहा जण राहत. दोन्ही पोस्टमध्ये फील्ड टेलिफोनची तार टाकलेली होती. मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार; ती तार चालू ठेवणे आणि लॉगबुक लिहिणे हे माझे काम. सैन्यात येण्यापूर्वी मी नाशिकला डी.एड. केले होते, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणत.

नागरिक वाचकांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे फुफ्फुसात पाणी साठू शकते. सुरुवातीला माणूस फक्त थकलेला दिसतो. त्याला खोकला येतो, तो बोलणे टाळतो, साध्या प्रश्नाचे उत्तर चुकतो. खरा उपाय एकच, त्याला ताबडतोब खाली उतरवणे. म्हणून सकाळी ०६०० ते संध्याकाळी १८०० पर्यंत दर तासाला लाइन चेक होत असे आणि फोनवरच्या माणसाला एखादा प्रश्न विचारायचा, असा हुकूम होता. मी पाढे विचारत असे.

वरच्या पोस्टचा टेलिफोन नाईक भास्कर पगारे सांभाळत असे. तो नाशिकजवळच्या एकलहऱ्याचा. त्याचे वडील, अण्णा, तिथल्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. तिसऱ्याच दिवशी भास्कर म्हणाला, "गुरुजी, सतरा चोक विचारायला सरकारनं तुम्हाला एवढ्या वर पाठवलं का? बुद्धिबळ खेळता येतं?"

"येतं."

"मग तासाला एक चाल. डोकं ठिकाणावर आहे का नाही, तेही कळेल तुम्हाला. माझं नाही, तुमचं."

कंपनी कमांडरांनी परवानगी दिली. नियम मी लिहून काढला आणि दोन्ही पोस्टवर लावला: चाल खेळणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावी, चाल विचित्र वाटली तर पुन्हा विचारावे, खेळणारा फोनवर आला नाही तर कारण शोधून कळवावे. दोन्हीकडे पट मांडलेले असत. वरचा पट रॉकेलच्या जेरीकॅनवर ठेवलेला असे.

भास्कर माझ्यापेक्षा चांगला खेळे. सत्तावीस डाव झाले होते. चौदा त्याचे, नऊ माझे, चार बरोबरीत. चालीसोबत तो टोमणा पाठवत असे. "गुरुजी, तुमचा उंट लंगडतोय, नर्सिंग असिस्टंटला दाखवा." त्याने एकही डाव अर्ध्यावर सोडला नव्हता. एकटा राजा उरला तरी तो चाली करत राही. "मात करून दाखवा, मग बोलू. आमच्या अण्णांनी असंच शिकवलंय."

अठ्ठाविसाव्या डावाचा तो चौथा दिवस. माझ्याकडे एक हत्ती जास्त होता. ०६०० ची चाल भास्करने नेहमीप्रमाणे सांगितली. ०७०० ला तो खोकत होता. विचारले, तर म्हणाला, "थंडी आहे." ०८०० ला त्याने फक्त चाल सांगितली. टोमणा नव्हता. मी पटात इतका गुंतलो होतो की ते लक्षात न घेता माझी चाल सांगून मोकळा झालो.

०८१० ला मला माझी चूक दिसली. माझा राजा उघडा पडला होता. भास्करने वजीर हलवून शह दिला असता, तर मला राजा बाजूला घ्यावा लागला असता. मग दुसऱ्या घरावरून पुन्हा शह, मग पुन्हा पहिल्या घरावरून. त्यातून सुटका नव्हती. जिंकलेला डाव बरोबरीत जात होता. त्याला हे दिसू नये, अशी इच्छा करत मी पन्नास मिनिटे पटासमोर बसलो.

०९०० ला घंटी वाजली. फोनवर पोस्ट कमांडर, नायब सुभेदार जगताप साहेब होते.

"गुरुजी, लाइन ठीक."

"ठीक साहेब. भास्करला द्या."

"भास्कर म्हणतो, डाव सोडला. जिंकलात तुम्ही."

"स्वतः नाही आला फोनवर?"

"हरलेला माणूस कशाला येतोय? तोंड लपवून बसलाय."

नियम मला पाठ होता. तो मीच लिहिला होता. मी म्हणालो, "बरं साहेब," आणि लॉगबुकमध्ये नोंद केली: '०९००. लाइन ठीक. ना. पगारे यांनी डाव सोडला.' जगताप साहेबांचे नाव त्या नोंदीत नव्हते. ती वाचणाऱ्याला भास्कर स्वतः फोनवर बोलला असेच वाटले असते. नंतर मी लंगरमध्ये जाऊन चहा घेतला आणि जिंकल्याचे दोघांना सांगितले.

१००० ला उत्तर आले, "भास्कर बर्फ वितळवतोय." ११०० ला, "झोपलाय, काल त्याची ड्यूटी लांबली." आकाश १३०० पर्यंत स्वच्छ होते. १३४० ला जगताप साहेबांचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

"एक जवान सिरियस. पार्टी पाठवा."

"कोण साहेब?"

"भास्कर."

"केव्हापासून?"

"पार्टी पाठवा, गुरुजी."

१३५५ ला सहा जण स्ट्रेचर आणि ऑक्सिजन घेऊन निघाले. त्यांत मी होतो. १५०० ला बर्फ सुरू झाले. १५३० ला, अर्ध्या वाटेवर, दोराचा पुढचा टप्पा दिसेनासा झाला आणि रेडिओवर हुकूम आला: "जहाँ हो वहीं रुको. ओव्हर." १७२० ला रेडिओवर दुसरा संदेश आला. भास्कर गेला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी ०९१५ ला वर पोहोचलो. त्याला आम्हीच खाली आणले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत माझे लॉगबुक पुराव्यात ठेवले गेले. अधिकाऱ्यांनी मला विचारले, "०९०० ला नाईक पगारे शुद्धीवर होते?" मी उत्तर दिले, "नोंदीप्रमाणे होय, सर." जगताप साहेबांनी सांगितले की आजार दुपारनंतर अचानक वाढला. डाव सोडण्याइतका विचार करणारा माणूस सकाळी शुद्धीवरच असणार, हे सर्वांना पटले. कोणाचाही दोष नाही, असा निष्कर्ष निघाला.

त्यानंतर मी त्याची ट्रंक घेऊन एकलहऱ्याला गेलो. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"शेवटचा डाव कोणाचा?"

"माझा, अण्णा. त्यानं सोडला. थकला असेल."

"सोडला? भास्करनं?"

मी मान हलवली. ते आत गेले. त्यानंतर मी दरवर्षी त्या दिवशी त्यांच्याकडे जात राहिलो. चहा होई, पाण्यापावसाच्या गोष्टी होत. बुद्धिबळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. भास्करचे नावही ते फारसे घेत नसत. मला ते दुःखच वाटले.

निवृत्त होऊन मी नाशिकला परतलो. गेल्या वर्षी पंचवटीत सकाळी फुले घेताना एका विक्रेत्याने मला हाक मारली, "गुरुजी, वळखलं का?" तो दत्तू गायकवाड होता. त्या वेळी वरच्या पोस्टवर शिपाई होता. आता मखमलाबादकडे झेंडू लावतो. आम्ही बाकड्यावर बसलो. बोलणे अर्थातच भास्करवर आले. मी म्हणालो, "शेवटचा डाव त्यानं सोडला, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

दत्तू बाकड्यावर माझ्याकडे वळला.

"कोण म्हनलं सोडला?"

"साहेबांनी सांगितलं. ०९०० ला."

"भास्करला त्या टायमाला बोलताच येत नव्हतं, गुरुजी. लय धाप. तरी पटापाशी बसला व्हता. वजिराला बोट लावून मला दाखवलं, हितून शह. मी साहेबाला सांगितलं, भास्करची चाल हाय, कळवा. साहेब म्हनले, चाल कळवली तर गुरुजी पुढच्या तासाला त्याला फोनवर मागतील. खेळच बंद करून टाक."

"पण का?"

"आधी एकाला खाली धाडलं व्हतं ना, त्याला काय निघालं नाय. वरून साहेबाला बोलणी बसली. दोन दिवसांनी पोस्ट बदलून आमी सगळेच उतरणार व्हतो. म्हनले, गोळी दिलीय, उतरंल."

"कोर्टात का नाही बोललास?"

"मला इचारलं, त्यो आजारी कधी पडला. साहेबानं सांगितलं व्हतं, दुपारी म्हन. मी एकोणीस वर्षांचा व्हतो, गुरुजी."

दत्तूवर रागावणे मला जमले नाही. त्याच दिवशी मी जगताप साहेबांना फोन केला.

"साहेब, ०९०० ला डाव कोणी सोडला?"

 ते म्हणाले, "बारा वर्षं झाली, गुरुजी."

"हो साहेब."

"बरा होईल वाटलं होतं."

"तुम्ही माझं लॉगबुक वापरलंत, साहेब."

"लिहिलं तुम्हीच होतं," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचे शेवटचे वाक्य खरे होते. ज्या साहेबांच्या शब्दावर मी दोर सोडून कड्यावरून उतरलो असतो, त्यांनी मला फसवले. ०९०० ते १३४० म्हणजे चार तास चाळीस मिनिटे. त्या वेळेत, बर्फ सुरू होण्याआधी, पार्टी वर पोहोचली असती. पण भास्करचा डाव हरलेला नाही, हे मला ०८१० पासून माहीत होते. तो सोडणारा माणूस नाही, हेही माहीत होते. खोटे त्यांनी सांगितले. मला ते हवे होते.

मी एकलहऱ्याला गेलो. त्या वर्षातली ही माझी दुसरी फेरी, म्हणून अण्णांना आश्चर्य वाटले.

"जय भीम, अण्णा. एक चुकीची गोष्ट तुम्हाला सांगितली होती. ती दुरुस्त करायला आलोय."

मी क्रमाने सांगितले. वेळा सांगितल्या, माझी नोंद सांगितली.  शेवटी अण्णा म्हणाले, "वजिरानं शह. मग तुम्ही काय केलं असतं?"

"राजा बाजूला."

"मग त्यानं?"

"पुन्हा शह. दुसऱ्या घरातून."

"मग?"

"तेच, अण्णा. बरोबरी होती. मला सुटता येत नव्हतं."

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बारा वर्षं मी पोरावर रागावलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, सगळं विसरला असता तरी चाललं असतं. एवढं शिकवलेलं कसं विसरला?"

 त्यांनी मला कागद आणि पेन आणून दिले. मी लिहिले: 'अठ्ठाविसावा डाव. नाईक भास्कर पगारे यांनी डाव सोडला नाही. त्यांची चाल: वजीर, शह. ही चाल मला कळवली गेली नाही, आणि ती मी विचारलीही नाही.' खाली सही केली. त्याची एक प्रत बटालियनला पाठवली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि मग विचारले, "आता चाल कोणाची?"

"माझी, अण्णा."

"मग खेळा," ते म्हणाले.