काचेमागचे ओठ

"आवाज खाली! तुझा कारखाना आहे का हा?" मोठी सिस्टर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली. मी एवढंच विचारलं होतं, "माझी पोरगी दूध प्याली का?"

सातव्या महिन्यातच झालेली माझी पहिली लेक भिवंडीच्या त्या दवाखान्यात काचेच्या खोलीत, उबेच्या पेटीत होती. मी बाहेर जमिनीवर. बाकावर बसले की सिस्टर उठवायची. नवरा वडप्याला गोडाऊनवर हमाली करायचा, मी शेलारला लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. कळा येईपर्यंत भरल्या. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही बाया एकमेकींचे ओठ बघून बोलणं ओळखतो. बाहेर आलो तरी आवाज चढाच राहतो. तो काही भांडायचा आवाज नसतो.

काल्हेरच्या गोडाऊनमालकाची सून हात धुऊन, गाऊन चढवून आत जायची. पेटीतल्या आपल्या बाळाचं बोट धरायची. मला सिस्टरने सांगितलं, "केसांत कारखान्याची रुई आहे. इन्फेक्शन होईल." मी साबण लावून डोकं खसखसून धुतलं, वर स्वच्छ रुमाल बांधून आले. तरी नाहीच. वाटीत पिळलेलं दूध मात्र सिस्टर दारातून घ्यायच्या. माझं दूध चालत होतं, हात चालत नव्हता.

एका दुपारी नर्सिंग शिकणारी एक मुलगी आली. अशा बाळांच्या आईबापांवर काय गुदरतं, यावर तिचं संशोधन होतं. मालकाच्या सुनेला तिने खुर्ची दिली. "ताई, तुम्हाला भीती वाटते का? झोप लागते का?" वाटलं, आता मलाही विचारेल. मी सांगेन, एकदा हात लावू द्या. मी पदर सारखा करून बसले.

ती माझ्यासमोरून सरळ आत गेली. काचेमागून माझ्याकडे बोट दाखवून तिने सिस्टरला काहीतरी विचारलं. सिस्टरचे ओठ मला स्वच्छ दिसले. "तिला काय विचारायचं? या लोकांना दर वर्षी होतं. एक गेलं तर दुसरं. तूच लिही काहीतरी." मुलगी हसली. आणि तिने लिहिलं.

मी उठून दारापाशी उभी राहिले.

बाहेर येऊन तिने कागद पुढे केला. "इथे सही कर. नाहीतर अंगठा दे."

"न्हाय देणार." माझ्या खऱ्या आवाजात म्हणाले. "मी काय बोललेच न्हाय, तर सही कशाची? माझी पहिली पोर हाय ती. मला आत न्या, मग विचारा काय वाटतं ते."

सिस्टरने वॉचमनला बोलावलं. त्याने दंडाला धरून मला बाहेर काढलं. मी जिन्यात बसून राहिले.

लेक गेली. फडक्यात गुंडाळून हातात दिली तेव्हा सिस्टर अगदी हळू म्हणाली, "घे आता." आता रुई चालत होती. मी तिचं बोट धरलं. ते गार पडलं होतं.

त्या मुलीचं संशोधन पुरं झालंच असेल. त्यात माझी सही नाही.

आता आमच्याकडची कुणी बाळंतीण त्या काचेबाहेर उभी राहिली की मी खाडा करून तिच्यासोबत जाते. दारात उभी राहते आणि कारखान्यातल्या आवाजात विचारते, "आईला आत का न्हाय?" बहुतेक वेळा आत सोडत नाहीतच. वॉचमन येतो. मी पुन्हा विचारते. हा आवाज आता खाली येणार नाही.