चांद्या पाण्यातून निघतो का नाही

माझी बायको शेवंता आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका उडत्या घोरपडीवरून भांडण.

दुपारची वेळ. ओसरीत ऊन आलेलं, मधात सुपडं, सुपड्यात पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, आणि समोर टीव्हीत तिची सिरियल. पंखवाले, आग ओकणारे ड्रॅगन, राण्या, बर्फाचे किल्ले! कुठल्यातरी जाड्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून काढलेली, पण बोलायची हिंदीत. नागपूरला शिकणाऱ्या आमच्या नातीनं, केतकीनं, ती इंटरनेटवरून लावून दिली होती; आम्ही रोज एकच भाग पाहायचो. आमच्या करडी गावात धानाची मळणी झाली की दुपार मोकळी, म्हणून आळीतल्या बायाही आमच्याच ओसरीत येऊन बसत. राणीच्या काळ्या ड्रॅगनचं नाव शेवंताच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं त्याला आमच्या जुन्या बैलाचं नाव दिलं. चांद्या! मग तो साऱ्या आळीचाच चांद्या झाला.

त्या दिवशी चांद्याला बाण लागला. गरगरत आला आणि मोठ्या तळ्यात बुडाला. भाग संपला. बाया डोळे पुसत घरी गेल्या. शेवंताच्या हातातली शेंग हातातच.

"मेला," मी म्हणालो.

"नाही जी. निघते तो पाण्यातून."

"अवं, एवढी मोठी घोरपड, मानेत बाण..."

"घोरपड नोका म्हणू! आपला चांद्या नाही का नाल्याच्या पुरात गेलता? तुम्ही तवाही म्हणले, मेला. आला का नाही चिखलानं भरून दारात?"

"तो बैल होता."

"हाही चांद्याच आहे. लावा शर्यत! जो हारन त्यानं साऱ्या शेंगा सोलाच्या."

लावली. उद्याचा भाग पाहू, म्हणालो. सुपडं तसंच कोपऱ्यात ठेवलं. आणि त्याच रात्री शेवंता झोपेतच गेली. कोणाला काही त्रास न देता! (जिवंतपणी ही सवय तिला नव्हती.)

सुतकात टीव्ही बंद. कोणीतरी त्याच्यावर तिचंच निळं लुगडं झाकलं. मी दिवसभर त्या लुगड्याकडे पाहत बसायचो. डोळा लागला की लुगड्याचं तळं व्हायचं, वारा आला की त्यावर लाटा उठायच्या, आणि आत खोल काहीतरी काळं काळं हलायचं. भेटायला आलेले लोक म्हणत, "बुढा लय दुःखात आहे." दुःखात होतोच. पण शर्यतही होती ना!

दहाव्याला वैनगंगेवर गेलो. नदीवर एवढं धुकं की पलीकडचा काठच नव्हता. पळसाच्या पानावर पिंड ठेवला. उंबरावर कावळा बसला होता, एकच. पाहत होता. खाली येत नव्हता.

"काही इच्छा राहिली असन," महाराज म्हणाले. "वचन द्या."

पोरगा पुढे झाला, "आई, बाबाले मी पाहीन." कावळा हलला नाही.

पोरगी म्हणाली, "आई, बाबाची बिडी बंद करतो." कावळ्यानं मान फिरवली. (मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.)

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या तुळशीले रोज पाणी घालीन." कावळा वरच्या फांदीवर गेला!

तेवढ्यात शेजारची कौसाबाई बोलली, "वयनीचा जीव चांद्यात अटकला असन."

झालं! सुतकापासून कोंडलेल्या बायांचं तोंड सुटलं.

"चांद्या मेला तर मी ते सिरियल पाहनारच नाही!"

"राणीनंच मुद्दाम पाठवलं त्याले मराले. मले पहिल्यापासून तिचे लक्षण बरे दिसत नाही."

"राणीले काही बोलू नको, सांगून ठेवतो!"

"काय चाललं हे घाटावर?" पोरगा ओरडला. कोणी ऐकेना. बाजूला दुसऱ्या गावच्यांचा दहावा चालला होता, तेही पिंड सोडून आमच्याकडे पाहू लागले. महाराज म्हणाले, "शांत राहा, शांत राहा," आणि हळूच, "पण बाण तर मानेच्या बाजूले लागला होता." म्हणजे हेही पाहत होते!

"मी सांगू का?" केतकी म्हणाली. "मी पुस्तकं वाचली आहेत. पुस्तकात चांद्या..."

"सांगू नको वं!" साऱ्या बायांनी कानावर हात ठेवले. तिच्या सख्ख्या आईनं तिच्या तोंडावर पदर दाबला. "पुस्तकातलं पुस्तकात ठेव!"

आता सारे माझ्याकडे पाहू लागले. कावळासुद्धा. नुकतंच मुंडण झालेलं, डोक्याला थंडी वाजत होती. शेवंताची गोष्ट मी उभ्या जन्मात एका फटक्यात मान्य केली नव्हती. पण ती उपाशी बसलेली मला पाहवेना.

"बरं!" मी ओरडलो. "निघते चांद्या पाण्यातून! तू म्हणतं तसंच होते! ये आता खाली!"

कावळा सरळ पिंडावर आला. बायांनी टाळ्या वाजवल्या! दहाव्याला! दुसऱ्या गावचा एक म्हातारा पोराला विचारत होता, "कोन जिंकलं गा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया यायच्या आत, मी टीव्हीवरचं लुगडं काढलं. अंगणात धुकं होतं. सवयीनं चहा दोन कप झाला होता, एक कप माझ्यापुढे, एक तिच्या जागी ठेवला. भाग लावला. तळं. नुसतं पाणी, कितीतरी वेळ. मग एक बुडबुडा. मग शिंग. आणि चांद्या निघाला, चिखलानं भरलेला, अंग झाडत!

"निघाला वं!" मी बाजूला वळून म्हणालो. बाजूला चहा होता.

साऱ्या संसारात मी एकही शर्यत जिंकलो नव्हतो. वाटलं होतं, आता समोर गडीच नाही, ही तरी जिंकू! कोपऱ्यातलं सुपडं ओढलं. शेंगा वाळून काटकीसारख्या झाल्या होत्या, तरी साऱ्या सोलल्या. आणि सोलता सोलता सारखा दाराकडे पाहत होतो. दोन दोन चांद्या पाण्यातून परत आले म्हटल्यावर माझ्यासारख्या बेअक्कल बुढ्यानं दुसरं काय करावं!