अंगठा न जुळलेल्या सकाळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत आहे, पण हे नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यासमोर जमेल असं वाटतं. शिवाय आज मी खुशीत आहे — आणि खुशीत असलेला माणूस जरा जास्तच बोलतो, नाही का?

खुशीचं कारण आधी सांगतो. आमच्या कॉलेजचा माहिती-तंत्रज्ञानाचा नवा आराखडा परवा एकमताने मंजूर झाला. ऐकायला रुक्ष वाटतं, मला ठाऊक आहे. पुढच्या पाच वर्षांत संगणक किती घ्यायचे, इंटरनेट कुठवर न्यायचं, हजेरी-परीक्षा-ग्रंथालय कशावर चालवायचं, हे सगळं लिहून ठेवायचा कागद. पण परवा तो वाचून संपला तेव्हा संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी बाकावर हात आपटून "वा!" म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बेल्ह्याच्या अलीकडच्या आमच्या फाट्यावरच्या कॉलेजात मी अशा टाळ्या फक्त गॅदरिंगला ऐकल्यात. तो आराखडा लिहिला मनीषाने. आमचीच माजी विद्यार्थिनी, धनगराची पोर, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. काय बोलली राव ती! माझा ऊर भरून आला.

आणि त्याच वेळी मान वर करवेना.

कारण याआधीचा आराखडा माझा होता. नऊ वर्षं झाली. मी खरा भौतिकशास्त्राचा मास्तर, कळंबचा. एकदा ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला, एवढ्या पुण्याईवर मला संगणक विभागाचा प्रमुख केलं. मीही काय, हुरळलो. मूल्यांकन समिती येणार होती, तिला दाखवायला आराखडा हवा होता. अध्यक्षसाहेब कुठेतरी अंगठ्याची हजेरी बघून आले होते — नंबर दाबायचा, अंगठा ठेवायचा, हजेरी लागली. मस्टर बंद, कागद बंद. ते म्हणाले, हे पहिल्या पानावर पाहिजे. मी म्हटलं, पाहिजेच!

इथेच थांबून तुम्हाला एक सांगायला हवं. मला माहीत होतं.

काय माहीत होतं? आमची आई. दर महिन्याला मी तिला रेशनच्या दुकानात गाडीवर घेऊन जायचो. ती मशीनवर अंगठा ठेवायची, मशीन नाही म्हणायचं. पदराला पुसून पुन्हा ठेवायची, पुन्हा नाही. जन्मभर कांदे लावून त्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. वाफ्यात पाणी सोडतात आणि चिखलात एकेक रोप अंगठ्याने दाबत जातात, दिवसभर. ज्याने केलंय त्याला कळेल. आई हसायची. "मशिनीच्या लेखी मी कवाच मेलीय रं." मागची माणसंही हसायची, मीही हसायचो.

आणि तोच मी, कॉलेजात मशीन बसवताना चाचणी कुठे घेतली? स्टाफरूममध्ये. खडूशिवाय कशाला हात न लावणारे आम्ही बावीस जण, सगळ्यांचे अंगठे पहिल्या फटक्यात उमटले. अहवालात मी लिहिलं, चाचणी पूर्ण यशस्वी. शेतकऱ्याच्या पोरानं लिहिलं हे! बाहेर व्हरांड्यात पोरं उभी होती. त्यांतल्या चौघांना आत बोलवायला काय झालं होतं मला?

पौषात कांद्याची लागण जोरात आली. मनीषा तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. आईबाप मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला, ही राजुरीला मामाकडे. भल्या सकाळी बायकांच्या टोळीबरोबर वाफ्यात उतरायची आणि अकराला वर्गात पहिल्या बाकावर. एक दिवस आली माझ्याकडे. दोन्ही अंगठे पुढे केले. नखाखाली काळं, कातडी पांढरी पडून सोललेली.

"सर, मी रोज येते. नंबर दाबते, अंगठा ठिवते. मशीन घेतच न्हाई. माझी हजेरी लागली नाय तर परीक्षेला बसू देणार न्हाईत म्हन्त्यात."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही."

ती गेल्यावर मी मशीनची नोंद काढली. तिचा नंबर, तारीख, वेळ, आणि पुढे — अंगठा जुळला नाही. पुन्हा तिचा नंबर, पुढची तारीख. अंगठा जुळला नाही. दोन पानं भरली. म्हणजे पोर रोज येत होती, हो! मशीननेच लिहून ठेवलं होतं. ती आली नसती तर तिथे ओळच नसती.

इतर कुणाकुणाचे अंगठे अडत होते, पण त्यांचं कसंबसं भागलं. हिची पुऱ्या मोसमाची हजेरी गेली, परीक्षेला बसू न द्यायच्या यादीत हिचंच नाव आलं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सरळ माणूस. विचारलं, मशीनमध्ये काही दोष आहे का? ती दोन पानं माझ्या ड्रॉवरमध्ये होती, भिंतीपलीकडे. समिती आठ दिवसांवर आली होती. हो म्हणालो असतो तर आराखड्याचं पहिलं पान फाटलं असतं, अध्यक्षसाहेब तोंडघशी पडले असते आणि मी पुन्हा प्रिंटरमधले कागद काढत बसलो असतो.

मी म्हणालो — नाही.

एवढाच एक शब्द. हीच ती गोष्ट.

समिती आली, आराखडा पाहून खूश झाली. आम्हाला वरची श्रेणी मिळाली. गेटपासून ऑफिसपर्यंत फटाके वाजले, मला फेटा बांधला. मला वाईट वाटलं का तेव्हा? खोटं कशाला बोलू — नाही वाटलं. लई भारी वाटलं. फेट्याचा फोटो अजून बैठकीत लावलेला आहे.

मनीषाला परीक्षेला बसता आलं नाही. घरच्यांनी म्हटलं, झालं एवढं शिक्षण बास, आणि तिला मेंढरांमागे नेलं. एका पोरीचं आयुष्य माझ्या 'नाही'वर वळलं असतं, आणि मी फेटा बांधून पेढे खात होतो.

वळलं नाही, ते तिच्यामुळे. पुढच्या जूनमध्ये ती एकटी ऑफिसात उभी राहिली, बापाशी भांडून. मी तिचा परीक्षेचा फॉर्म भरला, संगणकाच्या प्रयोगशाळेची किल्ली दिली, दुपारी बसून शीक म्हटलं. ती शिकली. कशी शिकली! आमच्या जुन्या डबड्या संगणकांतून तिने काय काय काढलं ते मला आजही नीट कळत नाही.

म्हणून परवाच्या सभेत ती उभी राहिली तेव्हा ऊर भरून आला, म्हटलं. तिच्या आराखड्यात यंत्रांची यादी शेवटी आहे. आधी आहे ते असं — कोणत्या वाडीत रेंज नाही, कोणती एसटी किती वाजता येते, लागणीच्या दिवसांत पोरं किती वाजता सुटतात. एकाने विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "मशीन आणायच्या आधी चार दिवस फाट्यावर बसा, सर. कोन येतंय, कशानं येतंय, त्याचे हात कसे हायेत ते बघा. मंग काय आणायचं ते ठरवू." अंगठ्याचं मशीन काढायचं, हे पहिलंच कलम. अध्यक्षसाहेबांनी मान डोलावली — त्यांनीच! जिंकली पोर.

मग शेवटी आभार. माझ्याकडे बघून म्हणाली, "सरांनी किल्ली दिली नसती तर मी आज मेंढरांमागं असते." सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिला काहीच माहीत नाही. मी हात जोडले — आणि बसलो.

मागच्या आराखड्याचा आढावा मी लिहायचा, असं सभेत ठरलं. उद्या तिच्याच हातात द्यायचा आहे. आज ड्रॉवर उघडून ती दोन पानं काढली. शाई फिकी झालीय, पण वाचता येते. आढाव्यात मी एकच वाक्य लिहिलंय: मशीनमधला दोष मला आधीपासून माहीत होता, विचारल्यावर मी तो नाकारला. खाली सही केली आणि ती दोन पानं मागे जोडली.

जोडण्याआधी पेन घेतलं आणि 'अंगठा जुळला नाही' अशा प्रत्येक ओळीपुढे, एकही न सोडता, माझ्या हाताने लिहिलं — हजर.