चुंबक उलटा धरल्यावर

बाबा मूळचे करंज्याचे. घरची मासेमारीची बोट धाकट्या भावाकडे सोपवून ते तळोज्याच्या एका कारखान्यात लागले. धातूंवर मुलामा चढवायचं काम होतं. आम्ही पनवेलला आलो ते त्यासाठीच. पुढे एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी कोबाल्ट आणि तांब्याचे एकावर एक थर चढवायला घेतले, तेव्हा लेक आपल्याच धंद्यात आली म्हणून ते सोसायटीभर सांगत सुटले.

माझे थर मात्र डोळ्यांना दिसणारे नव्हते. एका केसाच्या जाडीत तसे हजारो मावले असते. कोबाल्टच्या शेजारशेजारच्या थरांचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट असतं, म्हणून वीज अडखळत जाते. बाहेरून चुंबक लावला की सगळे थर एका दिशेला वळतात आणि विजेला होणारा रोध कमी होतो. या शोधाला नुकतंच नोबेल मिळालं होतं. थर चढवलेल्या माझ्या पट्ट्यांना त्याचं काही नव्हतं. चुंबक लावा नाहीतर काढा, मीटर ढिम्म.

शेवटी तांब्याचा थर आणखी पातळ केला आणि त्या शनिवारी प्रोजेक्टच्या सरांना विचारून बाबांना कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. मी पट्टीला तारा जोडल्या, चुंबक त्यांच्या हातात दिला.

"हळू जवळ आणा."

त्यांनी आणला. मीटरवरचा आकडा उतरला. चुंबक मागे घेतला, पुन्हा चढला.

"मंग उलटा धरला तर वाढंल?" बाबांनी विचारलं.

"नाही. दिशा कुठलीही असो, थर एका बाजूला वळले की झालं. तेव्हाही उतरायलाच हवा."

त्यांनी चुंबक फिरवला. आकडा उतरला. मग ते लहान मुलासारखे चुंबक सुलटा-उलटा करतच बसले आणि सर दारात उभे राहून हसत होते.

घरी येताच बाबांनी काकांना फोन लावला. सगळं ऐकून काकांनी विचारलं, "आपल्या बोटीला उपेग हाय का त्याचा?"

"नाय," बाबा म्हणाले, "पन तू बघाला ये."

पुढच्या शनिवारी काका खरंच आले, सरांसाठी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन.